जिव्हाळा आणि आराखडा

नगरनियोजनाच्या सार्वजनिक चर्चेत गेल्या काही वर्षांत एक विधान वारंवार ऐकू येते, आणि ते इतक्या समंजस स्वरात केले जाते की त्यात दडलेला नकार चटकन लक्षात येत नाही. पुण्यात बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत वेताळ टेकडीच्या अंगावरून रस्ता न्यावा की नाही, या वादात २०२३ च्या एप्रिलमध्ये नागरिकांनी मोठा मोर्चा काढला तेव्हा ते केले गेले. मुंबईत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरे वसाहतीतील दोन हजारांहून अधिक झाडे रात्रीच्या अंधारात तोडली गेली तेव्हाही ते केले गेले होते. विधान असे की, लोकांचे टेकडीवर किंवा झाडांवर प्रेम असणे स्वाभाविक आहे आणि त्याचा आदरही केला पाहिजे, परंतु नियोजन हे शास्त्र आहे. रस्त्यावरची वाहने मोजता येतात, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावायच्या झाडांचा हिशेब मांडता येतो, प्रेम मात्र मोजता येत नाही, म्हणून निर्णयात त्याला जागा देता येत नाही. हे विधान खोडून काढणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. मात्र टेकडीप्रेमी मंडळी त्याला सहसा जे उत्तर देतात तेही पुरेसे नाही, आणि ते का पुरेसे नाही याचा विचार केल्याशिवाय पहिल्या विधानाचा खरा प्रतिवाद होऊ शकत नाही.

प्रथम शास्त्राच्या दाव्याकडे पाहावे. वेताळ टेकडी हा बेसॉल्टच्या थरांचा डोंगर आहे. या थरांमधील भेगाळ आणि झिजलेल्या खडकांतून पावसाचे पाणी खाली मुरते आणि पायथ्याच्या विहिरींना व झऱ्यांना मिळते. पुण्याच्या भूजलाचा अभ्यास करणाऱ्या ‘ॲक्वाडॅम’ या संस्थेने शहराच्या टेकड्यांचे हे पुनर्भरणाचे काम, म्हणजे जमिनीखालील पाण्याचा साठा पुन्हा भरून काढण्याचे काम, स्पष्टपणे मांडलेले आहे. वाहतुकीच्या गणनेत हे पाणी कुठेच येत नाही, कारण ती गणना करणाऱ्याला रस्त्याचे आरंभस्थान आणि शेवट एवढेच विचारलेले असते. हा प्रश्न चर्चेत ज्यांनी लावून धरला, त्यांत टेकडी वर्षानुवर्षे पायाखाली घातलेली माणसे पुढे होती. कोणत्या ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी राहते, जुन्या खाणीच्या खड्ड्यात कोणते पक्षी उतरतात, कोणत्या उतारावरची माती पहिल्याच जोरदार पावसात खाली येते, याची नोंद त्यांच्यापाशी होती आणि कार्यालयापाशी नव्हती. म्हणजे ज्याला भावना म्हणून बाजूला सारले जाते त्यात निरीक्षणाचा मोठा संचय असतो, आणि त्याला बाहेर ठेवणारे शास्त्र आपलेच पुरावे कमी करून घेते.

पुण्याच्या टेकड्यांचा अलीकडचा इतिहासही हेच सांगतो. १९९७ मध्ये भोवतालची तेवीस गावे महापालिकेत आली आणि त्यांचा विकास आराखडा तयार होऊ लागला, तेव्हा त्या गावांतील टेकड्या आणि डोंगरउतार जैवविविधता उद्यान म्हणून राखून ठेवावेत, ही मागणी नागरिकांनी जवळपास दोन दशके लावून धरली. अखेर २०१५ मध्ये राज्य शासनाने हे आरक्षण मान्य केले आणि जमीनमालकांना मोबदल्यापोटी आठ टक्के टीडीआर, म्हणजे अन्यत्र वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला. नऊशेहून अधिक हेक्टर जमिनीला लागू असलेले हे आरक्षण कोणत्याही प्रतिमानाने किंवा संगणकीय गणिताने सुचवलेले नव्हते. जवळच्या निसर्गाविषयीचा जिव्हाळा आराखड्याचा आकार बदलू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा महाराष्ट्रातील शहरांत क्वचितच मिळेल.

या जिव्हाळ्याचा शास्त्रीय विचार झालेलाच नाही असेही नाही. भूगोलतज्ज्ञ यी-फू तुआन यांनी १९७४ च्या ‘टोपोफिलिया’ या ग्रंथात स्थळ आणि माणूस यांच्यातील भावबंध हा भूगोलाचाच विषय असल्याचे दाखवून दिले. पुढे पर्यावरण-मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक डिव्हाइन-राइट यांनी २००९ मध्ये असे मांडले की, आपल्या परिसरातील प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांवर स्वार्थाचा शिक्का मारण्याने त्या विरोधाचा उलगडा होत नाही. ज्या जागेशी माणसांची ओळख बांधलेली असते ती मोडू पाहणाऱ्या बदलाला त्या माणसांनी दिलेला प्रतिसाद म्हणून तो विरोध समजून घ्यावा लागतो. हे सर्व योग्य आहे, परंतु जिव्हाळ्याचे स्पष्टीकरण करणे वेगळे आणि त्यातून आराखडा उभा करणे वेगळे. हे दुसरे काम ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी भारतात, आणि काही अंशी महाराष्ट्रात, करून दाखवले, त्या पॅट्रिक गेडिस यांच्याकडे वळणे म्हणूनच आवश्यक आहे.

गेडिस मूळचे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि पुढील दहा वर्षे मद्रास इलाख्यापासून संस्थानी राज्यांपर्यंत अनेक शहरांचे अहवाल लिहीत राहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक तेच होते, आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांना समाजशास्त्राकडे वळवण्यातही त्यांचा वाटा होता. त्यांच्या विचाराचा पाया तीन घटकांचा आहे: स्थळ, काम आणि लोक. स्थळ माणसांच्या कामाला घडवते, काम लोकजीवनाला घडवते, आणि लोक पुन्हा स्थळाला घडवतात. या तीनपैकी एक घटक सुटला की नकाशा खोटा ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. आराखड्याआधी पाहणी आणि उपचाराआधी निदान हा त्यांचा आग्रह याच विचारातून आलेला आहे. पाहणी म्हणजे मोजणी एवढाच अर्थ त्यांना अभिप्रेत नव्हता. गल्लीबोळांतून पायी फिरून, कोणते झाड कोणाच्या बसण्याची जागा आहे, कोणत्या विहिरीवर कोण येते आणि कोणत्या देवळाच्या अंगणात मुले खेळतात, हे पाहून मगच रेघ ओढायची, अशी ती पद्धत होती.

या पद्धतीचे व्यावहारिक फळ लहान नव्हते. त्या काळातील अभियंते दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते फोडण्याचे आणि हिवतापाच्या भीतीने जुनी तळी बुजवण्याचे प्रस्ताव देत. गेडिस यांनी त्यांना उत्तर म्हणून ‘राखून केलेली शस्त्रक्रिया’ सुचवली: पडकी घरे काढून लहान मोकळ्या जागा निर्माण करायच्या, तिथे झाडे लावायची, विहिरी दुरुस्त करायच्या, आणि तळ्यात मासे व बदके सोडून डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त करायचा. अशा कामाला सरळ रस्त्याच्या खर्चाच्या मानाने फारच थोडा खर्च येतो आणि त्यात कमी माणसे बेघर होतात, हे त्यांनी अंदाजपत्रकांसह दाखवले. म्हणजे तळ्याविषयीचा लोकांचा जिव्हाळा आणि तिजोरीचे हित एकाच दिशेला असू शकतात, हे त्यांना तत्त्व म्हणून सांगावे लागले नाही. ते हिशेबातूनच पुढे आले.

गेडिस यांच्या कार्यातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग होळकरांच्या इंदूरमध्ये घडला. प्लेगच्या छायेत असलेल्या त्या शहराचा दोन खंडांचा अहवाल त्यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केला, परंतु अहवालाची वाट न पाहता त्यांनी दिवाळीच्या निमित्ताने नगराची एक भव्य मिरवणूक काढवली. मिरवणुकीचा मार्ग लोकांनी ज्या भागाची सर्वाधिक सफाई केली असेल त्या भागातून जाईल, असे जाहीर झाल्यामुळे वस्त्या-वस्त्यांमध्ये स्वच्छतेची चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होते, सफाई कामगारांना त्यात मानाने चालवले गेले, आणि शेवटी तुळशीची रोपे वाटली गेली. गेडिस यांना तुळशीवृंदावनाचे महत्त्व धार्मिक कौतुकापुरते वाटत नव्हते. घराच्या अंगणातील एका रोपाची रोजची निगा राखणाऱ्या हातांनाच शहराच्या बागेची आणि नदीकाठाची निगा सोपवता येईल, असा त्यांचा तर्क होता. जवळचा निसर्ग आणि मोठा निसर्ग यांच्यातील दुवा हा निगेचा आहे, पाहण्याच्या आनंदाचा नाही, ही त्यांची सर्वांत मौल्यवान शिकवण होय.

अर्धशतकानंतर दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने, इयान मॅकहार्ग यांनी, १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या ग्रंथात प्रेम मोजता येत नाही या आक्षेपाला तंत्राच्याच भाषेत उत्तर दिले. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागातील रिचमंड पार्कवे या रस्त्यासाठी त्यांनी उतार, माती, पाणी यांच्याबरोबर निसर्गसौंदर्य, ऐतिहासिक स्थळे आणि निवासी वस्ती यांचेही पारदर्शक नकाशे काढले, अधिक मूल्याच्या जागा अधिक गडद केल्या, आणि सर्व नकाशे एकमेकांवर ठेवून सर्वांत फिकट उरलेल्या पट्ट्यातून रस्ता सुचवला. आजच्या भूमाहिती प्रणालीत, म्हणजे संगणकावर नकाशांचे थर एकत्र करण्याच्या तंत्रात, हीच कल्पना आहे. तेव्हा जिव्हाळ्याला नकाशात थर मिळू शकत नाही, हे म्हणणे तंत्राच्या इतिहासाला धरून नाही. मात्र मॅकहार्ग यांच्या पद्धतीत कोणती जागा किती गडद करायची हे तज्ज्ञ ठरवत असे, आणि त्यामुळे गेडिस यांच्या तीन घटकांपैकी ‘काम’ आणि ‘लोक’ हे घटक पुन्हा मागे पडले.

महाराष्ट्रातील कायद्याची रचना या संदर्भात तपासण्यासारखी आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार नियोजन प्राधिकरण आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, मग विद्यमान भूवापराची पाहणी करून नकाशा तयार करते, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते, आणि त्यानंतर मर्यादित मुदतीत हरकती व सूचना मागवते. पाहणीच्या नकाशात टेकडी ही मोकळी जमीन किंवा डोंगरउतार म्हणून दिसते; तिथे कोण चालते, कोण गवत कापते, कोण देवाला नारळ फोडते, कोणाच्या शेळ्या चरतात, याला त्या नकाशात रकाना नसतो. नागरिकाला बोलण्याची संधी मिळते ती रेघ ओढून झाल्यावर, आणि तीही हरकतीच्या रूपाने. ज्या व्यवस्थेने जिव्हाळ्याला आक्षेप घेण्यापलीकडे दुसरा दरवाजाच ठेवलेला नाही, तिनेच नंतर जिव्हाळा फक्त अडथळे आणतो अशी तक्रार करणे न्याय्य नाही.

येथवरचा विचार टेकडीप्रेमींना सुखावणारा आहे, परंतु तो येथेच थांबवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही, कारण जवळच्या निसर्गाविषयीच्या जिव्हाळ्याचा महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग कोणत्याही टेकडीवर घडलेला नाही. तो महाडच्या चवदार तळ्यावर घडला. सार्वजनिक तळी सर्वांसाठी खुली असावीत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला होता आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या समाजाने ते पाणी प्राशन केले तेव्हा सवर्णांनी हल्ला केला आणि नंतर एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली. त्या सवर्णांना तळ्याविषयी आस्था नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यांची आस्था तीव्र होती, पिढ्यांची होती, धर्माने आणि रोजच्या व्यवहाराने बांधलेली होती. आणि नेमकी तीच आस्था माणसाला पाणी नाकारण्याचे साधन झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय यायला १९३७ साल उजाडले. गेडिस यांचे स्थळ, काम आणि लोक हे त्रिकूट येथे अपुरे पडते, कारण त्यातील ‘लोक’ हा एकजीव, परस्परपूरक समूह आहे. एका गटाचा जिव्हाळा दुसऱ्या गटाची बंदी होऊ शकतो, याला त्या रचनेत जागा नाही.

हा आक्षेप आधुनिक शहराच्या संदर्भात सर्वांत धारदारपणे समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांनी मांडला आहे. स्वच्छ हवा, हिरवी उद्याने आणि मोकळे नदीकाठ यांची मागणी करणारे सुस्थित नागरिक त्या मागणीच्या नावाखाली गरिबांना शहरातून बाहेर काढण्यास हातभार लावतात, या प्रवृत्तीला त्यांनी बूर्ज्वा पर्यावरणवाद असे नाव दिले. त्यांच्या विवेचनातील एक घटना विसरता येण्यासारखी नाही: १९९५ च्या जानेवारीत दिल्लीच्या अशोक विहार भागात मोकळ्या बागेत शौचाला गेलेल्या एका तरुणाला रहिवासी आणि पोलीस यांनी इतके मारले की त्यात त्याचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर निषेध करणाऱ्या झोपडपट्टीतील लोकांवर झालेल्या गोळीबारात आणखी माणसे मरण पावली. ती बाग एका बाजूच्या लोकांसाठी सौंदर्याची जागा होती, आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांच्या वस्तीत शौचालये नसल्यामुळे त्यांची दैनंदिन गरज होती. यमुनेच्या काठावरची गोष्टही अशीच आहे: नदी वाचवण्याच्या युक्तिवादावर २००४ मध्ये यमुना पुश्त्यावरील वस्त्या उठवल्या गेल्या, आणि त्याच पूरमैदानावर अक्षरधाम मंदिर आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे निवासी संकुल उभे राहिले.

पुण्याने हा आक्षेप दिल्लीचा म्हणून झटकू नये. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीसारखी दाट वस्ती आहे, आणि ती तिथे आहे याचे कारण शहराने आपल्या घरकामगारांना, बांधकाम मजुरांना आणि हमालांना परवडणारी जमीन दुसरीकडे ठेवली नाही हे आहे. टेकडी वाचवा या घोषणेत या वस्तीचे स्थान काय, हा प्रश्न विचारला की चर्चा अवघडते. शिवाय जैवविविधता उद्यानाखालील बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे. तिच्या मालकांत जमिनीचे सट्टे करणारे आहेत तसे पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसत आलेले शेतकरीही आहेत, आणि शहराच्या श्वासासाठी त्यांनी कायमचा त्याग करावा ही अपेक्षा ठेवणाऱ्यांनी त्या त्यागाची किंमत कोण देणार हे सांगितले पाहिजे. जिव्हाळा जितका जवळचा तितका तो खरा, हे गृहीतक येथे कोसळते. जवळ राहणे ही पुष्कळदा जमिनीच्या भावाने ठरवलेली गोष्ट असते.

दुसरी अडचण परिसरविज्ञानाची आहे. जिव्हाळ्याला हिरवे झाड पटकन दिसते, गवत दिसत नाही. पुण्याच्या अनेक टेकड्यांवर वनीकरणाच्या नावाने ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडे दाट लावली गेली, आणि दरवर्षीच्या पावसाळी वृक्षारोपणाने उरलेला माळही भरून टाकण्याचा उत्साह कमी झालेला नाही. वस्तुतः पठारावरचा मोठा भूभाग हा मुळात विरळ झाडांचा गवताळ प्रदेश आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जुन्या मराठी वाङ्मयातील आणि लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासून दाखवले की, हे माळ जंगल तोडून ओसाड झालेली जमीन नाहीत. ते कित्येक शतके असेच गवताळ आहेत. हा निष्कर्ष दोन्ही दिशांनी बोलका आहे. एकीकडे शहरी टेकडीप्रेमाने चुकीच्या भूदृश्यावर प्रेम केले असेल, हे तो सांगतो. दुसरीकडे त्या माळाची खरी आठवण गुराख्यांच्या, धनगरांच्या आणि देवस्थानांच्या कथांनी जपून ठेवली होती, हेही सांगतो. ज्या माणसांचे काम गवतावर अवलंबून होते, त्यांच्या जिव्हाळ्याला गवत दिसत होते.

येथे गेडिस पुन्हा उपयोगी पडतात, पण सुधारून घेतलेले. त्यांनी काम हा घटक मध्ये ठेवला होता, आणि महाडचा धडा त्यात हक्क हा चौथा घटक घालण्यास भाग पाडतो. काम आणि हक्क एकत्र आले की जिव्हाळ्याचे काय होते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपले सामूहिक वनक्षेत्र राखण्याचा आणि व्यवस्थापित करण्याचा अधिकार दिला, आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर तो अधिकार मान्य झालेल्या देशातील पहिल्या गावांत या गोंड गावाचा समावेश झाला. पुढे बांबूच्या विक्रीचे उत्पन्न ग्रामसभेकडे येऊ लागले. तिथे जंगलाविषयीची आस्था निर्णय घेण्याच्या सक्तीतून जाते: किती बांबू तोडायचा, कोणत्या भागात विश्रांती द्यायची, उत्पन्न कशावर खर्च करायचे, हे ग्रामसभेत सर्वांसमोर ठरवावे लागते, आणि चुकीचा निर्णय त्याच लोकांना भोगावा लागतो. आरे वसाहतीतील वारली पाड्यांचे बिबट्याशी असलेले नातेही असेच आहे. वाघोबा या देवाच्या पूजेत भीती, सावधपणा आणि सहवास एकत्र नांदतात, कारण त्या लोकांना बिबट्याच्या शेजारीच राहायचे असते. चित्र पाहून जडलेल्या प्रेमाला हा सावधपणा येत नाही.

यातून आराखड्यासाठी एक कसोटी हाती येते. जवळच्या निसर्गाविषयीचा जिव्हाळा नियोजनाला बंधनकारक ठरावा, पण तो नकाराधिकार म्हणून नव्हे. ज्या प्रमाणात तो निगेची जबाबदारी घेतो आणि इतरांना जागा देतो, त्याच प्रमाणात. हे तत्त्व कागदावर उतरवणे अशक्य नाही. विद्यमान भूवापराच्या पाहणीतच टेकडी, ओढा, तळे, गायरान यांच्या प्रत्येक वापरकर्त्याची नोंद झाली पाहिजे, आणि तीत सकाळी फिरणाऱ्या निवृत्ताबरोबर गवत कापणारी बाई, शेळ्या चारणारा मुलगा, उतारावर राहणारे कुटुंब आणि खातेदार शेतकरी हे सर्व असले पाहिजेत. टेकडी राखण्याचा निर्णय ज्या आराखड्यात होतो, त्याच आराखड्यात तिथल्या वस्तीसाठी शहराच्या मध्यभागाजवळ घरांची जमीन राखली गेली पाहिजे. हे आरक्षण नसेल तर पहिले आरक्षण अन्यायकारक मानावे. शेतकऱ्याच्या मोबदल्याची जबाबदारी शहराच्या सर्व मालमत्ताधारकांनी करातून उचलावी, कारण टेकडीच्या पाण्याचा आणि हवेचा लाभ सर्वांना मिळतो. आणि टेकडीवर काय लावायचे, काय काढायचे, कुठे गवत राहू द्यायचे, हे तज्ज्ञ आणि वापरकर्ते यांच्या स्थायी मंडळाने दरवर्षी जाहीर बैठकीत ठरवावे, म्हणजे ज्यांना टेकडी आपली वाटते त्यांना आपल्या मतांचे परिणाम डोळ्यांसमोर पाहावे लागतील.

या कसोटीवर वेताळ टेकडीवरील रस्ता टिकत नाही, कारण तो पाण्याचे पुनर्भरण, गवताळ अधिवास आणि हजारो लोकांचा रोजचा वापर एका बाजूला टाकून दुसऱ्या बाजूला केवळ वाहनांचा वेळ वाचवतो, आणि वाहनांची संख्या वाढली की तो वाचलेला वेळही उरत नाही. पण याच कसोटीवर टेकडी वाचवण्याची चळवळही, ती जनता वसाहतीच्या घरांसाठी आणि जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणातील शेतकऱ्याच्या मोबदल्यासाठी तितक्याच जोराने उभी राहीपर्यंत, अपुरीच राहते. प्रेमाला निर्णयात स्थान नाही असे म्हणणाऱ्यांना द्यायचे सर्वांत भक्कम उत्तर म्हणजे त्या प्रेमाने जबाबदारीची किंमत मोजून दाखवणे होय. ती मोजली गेली की त्याला आराखड्याबाहेर ठेवण्याचे कोणतेही शास्त्रीय कारण नियोजनकर्त्यापाशी उरत नाही.